मेण निवेपर्यंत

ता. ११ मार्च

प्रिय भिंगरी,
अनेक आशीर्वाद.

मी ठीक आहे, तू ठीक असावीस. नऊ वर्षांनी एवढंच लिहून पुढे जाणं बरं दिसत नाही, पण याहून लांब प्रस्तावना मला जमत नाही हे तुला ठाऊक आहे. गुडघा दुखतो. घराला मागच्या वर्षी रंग दिला. जूनमध्ये मी निवृत्त होते. बातम्या संपल्या.

तुझा पत्ता तू सही केलेल्या संमतिपत्रावरून घेतला. हे नियमात बसत नाही. मागच्या महिन्यात तुझ्या दुकानात चित्रीकरणाला आलेली मंडळी आमच्याच वाहिनीची होती. एका पारलिंगी स्त्रीचं आयुष्य, अर्ध्या तासाचा माहितीपट. नाव अजून ठरलेलं नाही, पण त्यात ‘वेदना’ हा शब्द असणार हे ठरलं आहे. सहा तासांचं चित्रण माझ्या टेबलावर आलं. त्यातून अठ्ठावीस मिनिटं काढायची, हे माझं काम.

पहिल्याच दृश्यात दार, दारावर पाटी, ‘येथे कवळ्या बनवून व दुरुस्त करून मिळतील’, आणि पाटीखाली तू. शेजारी दिग्दर्शक बसला होता. म्हणाला, “मॅडम, चेहरा बघा! केवढं दुःख आहे त्यात!” तू त्याला सांगत होतीस, “पायपुसण्यावरून या हो, आत प्लॅस्टर सांडलंय.”

‘ही माझी बहीण आहे’ एवढं मी तेव्हाच म्हणायला हवं होतं. काम दुसऱ्या संकलकाकडे गेलं असतं. मी म्हणाले नाही. पाण्याचा घोट घेतला आणि म्हटलं, “पुढे चालवा.”

आता कामाचं लिहिते. असे माहितीपट कसे बनतात हे तुला कुणी सांगितलं नसेल. आरशासमोर लिपस्टिक. मग लहानपणीचा फोटो आणि जुनं नाव. मग खिडकीबाहेर बघणं. शेवटी गर्दीत पाठमोरं चालत जाणं आणि खाली बासरी. सगळे दिग्दर्शक हाच साचा मागतात, आणि तो त्यांना पुरवला मीच. बावीस वर्षांपूर्वी असा पहिला माहितीपट मी कापला होता. त्या बाई एका शाळेच्या प्रयोगशाळेत कामाला होत्या. दिवसभर काचनळ्या धुताना त्या मुलांना दम द्यायच्या, ते सगळं चित्रण उत्तम होतं. मी ते टाकून दिलं आणि त्यांना पाठमोरं चालवलं. बक्षीस मिळालं. तेव्हापासून मला इथे पाठीमागे ‘कात्री’ म्हणतात आणि पुढून मॅडम.

तुझ्याही फिल्मचं तेच करत आणलं आहे. मुद्दा चौदा सेकंदांचा आहे.

चौथ्या तासात तू मेणात दात बसवते आहेस. पहिल्या तासातच तू दिग्दर्शकाला बजावलं होतंस की, मेण गरम आहे तोवर दात बसवायचा, ते निवेपर्यंत मी बोलणार नाही, तुम्ही काहीही विचारा. आणि तू बोललीही नाहीस. त्याने “चहा घेणार का?” विचारलं तेव्हा तू अकरा सेकंद गप्प होतीस. मग दात बसला आणि म्हणालीस, “घेणार. साखर कमी.” त्या शांततेखाली कुणी बासरी घातली नाही.

नंतर त्याने विचारलं, “घरच्यांची आठवण येते?” तेव्हाही तुझ्या हातात गरम चाकू होता. मान खाली. चौदा सेकंद. चौदा सेकंद म्हणजे टीव्हीवर फार झाले. दिग्दर्शकाचे डोळे भरून आले. मी त्या शांततेवर बासरी चढवली आणि थेट खिडकीवर कापलं. बघणाऱ्याला वाटेल, या बाईच्या तोंडून शब्द फुटत नाही. खरं म्हणजे खालचा सुळा वाकडा बसत होता.

तुझं उत्तर मी कापलं. मेण निवलं, तू मान वर केलीस, हसलीस आणि म्हणालीस, “आठवण ना? अहो, मी सोळा वर्षांची असताना ताईला पहिल्यांदा सांगितलं की मी मुलगा नाही, मुलगी आहे. ताई म्हणाली, ‘बरं. आधी गणिताचा पेपर दे, मग बघू.’ पेपर दिला. पास झाले. छत्तीस वर्षं झाली, ताई अजून बघतेच आहे!” कॅमेरामन इतका हसला की चित्र हललं.

दिग्दर्शकालाही ते आवडलं होतं. “ठेवायचं का, मॅडम?” म्हणून त्याने विचारलं. मी म्हटलं, “चित्र हललंय. वापरता येणार नाही.” याहून शंभर पटींनी हललेलं चित्र मी वापरलेलं आहे.

त्यांना तुझा लहानपणीचा फोटो हवा आहे. माझ्या कपाटात आहे, दोन्ही गुडघे फुटलेला. दिला नाही. शाबासकी देऊ नकोस. दिला असता तर देणारी कोण हे सांगावं लागलं असतं, इतकंच.

असं मी आजच पहिल्यांदा करते आहे असं नाही. आई गेली त्या आठवड्यानंतर आपण बोललो नाही. त्याआधी सात महिने तू दुकानाला कुलूप लावून आईजवळ राहिलीस. तिला कुशीवर वळवणं, भरवणं, औषधं, सगळं तू केलंस. मी कामावर जात होते. मग माणसं भेटायला आली. मावशीने तुला पंधरा वर्षांत पाहिलं नव्हतं, तू परदेशी असतेस असं मीच तिला सांगून ठेवलं होतं. तिने विचारलं, “या बाई कोण गं?” तुझ्या हातात पाण्याच्या पेल्यांचा ट्रे होता. मी म्हटलं, “आईला बघायला ठेवलेल्या आहेत.”

तू सगळ्यांना पाणी दिलंस. मलाही दिलंस. संध्याकाळी तुझी पिशवी जागेवर नव्हती.

मी हे लिहिलं. याच्यापुढे काय लिहायचं ते मला येत नाही.

प्रसारण अठ्ठावीस तारखेला आहे. वीसपर्यंत बदल करता येतात. तू सांगशील तसं करीन.

ताई

*

ता. १४ मार्च

ताई,
नमस्कार. पाकीट उघडायला दोन दिवस लागले, वाचायला पाच मिनिटं. अक्षर तसंच आहे तुझं, ओळीवर ताठ उभं, पहारेकऱ्यासारखं.

आधी आरशाची गंमत ऐक. माझ्या दुकानात आरसा एकच, तोही तळहाताएवढा, गिऱ्हाइकाने नवे दात लावून बघायला. त्यात माझा चेहरा मावेना, म्हणून तुमच्या लोकांनी गाडीतून भलामोठा आरसा आणला. मी म्हटलं, अहो, मी दुकानात लिपस्टिक लावत नाही, प्लॅस्टरची धूळ बसते तिच्यावर. तर म्हणे, “फक्त आमच्यासाठी.” तीन वेळा लावली, तीन वेळा पुसली. ओठ सोलून निघाले. निघताना म्हटलं, आरसा तरी ठेवून जा. नेला!

दुसरं. गाडीवर वाहिनीचं नाव होतं, ताई. मला वाचता येतं. त्याच नावामुळे मी दार उघडलं. वाटलं, तू तिथे बसतेस, आज ना उद्या हे तुझ्या नजरेखालून जाईल. पेपरची गोष्ट मी त्या दिग्दर्शकाला सांगतच नव्हते, तुला सांगत होते. आणि तू ती कापलीस. धन्य आहे तुझी!

फार राग आला. मग एकटीच हसत बसले. गिऱ्हाइकाला वाटलं त्याच्या दातांना हसते आहे. बिचारा उठून जायला निघाला.

पाण्याच्या ट्रेबद्दल तू लिहिलंस, मी वाचलं. ‘जाऊ दे, झालं गेलं’ असं मी म्हणणार नाही. मी ते म्हणावं म्हणून तू लिहिलं नसशील, असं धरून चालते.

चौदा सेकंदांचं मला विचारू नकोस. काम तुझं, तू बिघडवलंस, तूच नीट कर. माझ्या हातची कवळी बिघडली तर मी गिऱ्हाइकाला विचारत नाही, कशी दुरुस्त करू म्हणून. पण त्याआधी दोन माणसांना मी कोण ते सांग. एक, तुझ्या शेजारी बसणारा तो रडका दिग्दर्शक. दुसरी मावशी. मी परक्या माणसांसमोर दिवे लावून तीन दिवस बसले. तुला दिव्यांशिवाय दहा मिनिटं बसायचं आहे.

भिंगरी

*

ता. २१ मार्च

प्रिय भिंगरी,
आशीर्वाद. पत्र मिळालं.

दिग्दर्शकाला सोळाच्या सकाळी सांगितलं. तुझं चौथ्या तासातलं उत्तर पडद्यावर लावलं, पूर्ण चालू दिलं, आणि म्हटलं, “ही ज्या ताईबद्दल बोलते आहे ती मी.” तो पडद्याकडे बघत राहिला, मग माझ्याकडे, मग पुन्हा पडद्याकडे. मला वाटलं, आता हा वाहिनीच्या साहेबांकडे जाईल. त्याने चक्क टाळी वाजवली. “मॅडम! दोघी बहिणींची भेट! तुम्ही दारात उभ्या, त्या दार उघडतात, मिठी, आणि तिथेच संपवू!”

मी म्हटलं, “भेट झाली तर कॅमेऱ्याशिवाय होईल.”

“पण प्रेक्षकांचं समाधान?”

“प्रेक्षकांना दुसरी बहीण शोधायला सांगा.”

साहेबांकडे तो गेलाच. मीही गेले. साहेब म्हणाले, नातं लपवून काम केलंत हे चुकलं, जूनला जाताय म्हणून लेखी देत नाही, पण यापुढचं कापणं दिग्दर्शकाच्या देखत. योग्य बोलले. मला वाद घालायला जागा नव्हती.

मग चार दिवस दोघं समोरासमोर बसून भांडलो. काय झालं ते जसंच्या तसं सांगते, गोड करून नाही. चौदा सेकंद आहेत, पण बासरी नाही. त्यांच्याआधी चहाचे अकरा सेकंदही आहेत, म्हणजे बघणाऱ्याला कळतं की तू काम करते आहेस. मग मेण निवतं आणि तुझं उत्तर येतं, सबंध, हललेल्या चित्रासकट. शेवट तुझ्या म्हाताऱ्या गिऱ्हाइकावर होतो. तो नवी कवळी लावून बिस्किट खाऊन बघतो आणि तू त्याला रागावतेस, “हळू! दात नवे आहेत, भूक जुनी आहे!” पाठमोरं कुणी चालत नाही. फोटो नाही. जुनं नाव नाही. आरसा मात्र मला काढता आला नाही. साहेबांना तो हवाच आहे. लिपस्टिक मी पस्तीस सेकंदांवरून चारवर आणली आणि तुझं “फक्त तुमच्यासाठी हं!” हे वाक्य त्यावर ठेवलं. नावातला ‘वेदना’ शब्द अजून शिल्लक आहे. नाव वीसनंतरही बदलता येतं; त्यावर सोमवारी बैठक आहे, मी जाणार आहे.

बावीस वर्षांपूर्वीच्या त्या प्रयोगशाळेतल्या बाईंचा पत्ता शोधला. त्या वारल्या आहेत. ते काम आता नीट होणार नाही.

आता मावशी. तिला फोन करायला मला दिग्दर्शकापेक्षा जास्त वेळ लागला. तीन दिवस रोज उद्यावर टाकलं. काल केला. म्हटलं, “मावशी, आई गेली तेव्हा तुला पाणी देणाऱ्या बाई कामाला ठेवलेल्या नव्हत्या. ती आपली भिंगरी होती.”

“भिंगरी? तो तर परदेशी असतो म्हणालीस!”

“तो नाही, मावशी. ती. लहानपणापासून. आणि परदेशी नाही, बसने दोन तासांवर असते. मी खोटं बोलले. तेव्हाही आणि नंतरही.”

मावशी म्हणाली, “माझ्या बहिणीचं सगळं त्या पोरीने केलं आणि मी तिला साधं ‘जेवलीस का’ विचारलं नाही. तुझ्यामुळे.” मी म्हटलं, “हो.” “आणि शिकलेली म्हणवतेस!” मी म्हटलं, “हो.” तिने फोन आपटला.

अर्ध्या तासाने तिचाच फोन आला. “ती करते काय आता?” सांगितलं, कवळ्या बनवते. यावर ती जी कडाडली! “मेले, सहा वर्षं मी ही खुळखुळणारी कवळी घेऊन वरणात भाकरी भिजवून गिळते आहे आणि घरची पोरगी कवळ्या बनवते? रविवारी मला घेऊन चल.”

तेव्हा रविवारी आम्ही येतो आहोत, सकाळी दहापर्यंत. सोबत मावशी, तिची कवळी डबीत, आणि मी. दुसरं कुणी नाही. कुणाच्या हातात कॅमेरा नसेल.

मला आत घ्यायचं की नाही हे तू त्या वेळी ठरव, आधी कळवायची गरज नाही. नाही म्हणालीस तर मी बसथांब्यावर बसेन, तिथे बाक असेलच. मावशीला मात्र लगेच आत घे. तिला फार वेळ उभं राहवत नाही, आणि दारात तिला काय बोलायचं आहे ते ती वाटभर घोकत येणार आहे. मीही घोकते आहे. माझं अजून पाठ झालेलं नाही.

तुझी थोरली बहीण