मथायसच्या आईची खुशाली

॥ श्री ॥
मास्ट्रिख्ट, २ ऑक्टोबर २००५

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

अप्पांचा दमा आटोक्यात आहे हे वाचून बरं वाटलं. फोनवर त्यांना माझं काहीच ऐकू येत नाही, म्हणून हे पत्र त्यांच्या कानाशी बसून मोठ्याने वाच. माझं रडगाणं तेवढं गाळ.

माझ्या प्रबंधातला शेतकरी आता घरचाच झालाय. मथायस त्याचं नाव. इथून सायकलने तासाभरावर असलेल्या खेड्यातला. १८५४ साली बायकोला घेऊन अमेरिकेत विस्कॉन्सिनला गेला. झाडं तोडली, पण बुंधे निघेनात, म्हणून चार वर्षं बुंध्यांच्या मधूनमधून गहू पेरला. अप्पांनी जन्मभर शेतीखात्यात काढली, त्यांना हे नक्की आवडेल. पाच मुलांतली तीन गेली. दरवर्षी थोरल्या भावाला, लाम्बर्टला, लिहितो की पुढची सुगी झाली की आईला भेटायला येतो. कधी आलाच नाही.

ताई, दिवाळीला मलाही जमत नाहीये. डिसेंबरअखेर चॅप्टर द्यायचाय आणि सुट्टीचं नाव काढलं की गाईडबाईंचा चेहरा बदलतो. जूनमध्ये नक्की येते. अप्पांना तू समजाव, तुझं ऐकतात.

माया आहे तशीच राहू दे.
तुझी,
मृण्मयी


॥ श्री ॥
सातारा, ४ डिसेंबर २००५

चि. मृण्मयीस,
अ. उ. आ.

उत्तराला उशीर झाला. शाळेच्या सहामाहीचे पेपर तपासायचे होते, शिवाय घरातली कामं. ती काय, असतातच.

अप्पा बरे आहेत. तुझं पत्र त्यांना दोनदा वाचून दाखवलं. ते बुंधे उपटायला त्या माणसाकडे बैल होते की घोडे, असं त्यांनी विचारलं. मला काय ठाऊक, मी इतिहास शिकवत नाही.

तुला त्या परक्या माणसाची मुलं तारीखवार पाठ आहेत. इथे आत्याच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं, ते मात्र तू एका शब्दाने विचारलं नाहीस. चिडवत नाहीये, आठवलं म्हणून लिहिलं. चॅप्टर नीट पुरा कर. जून काही लांब नाही.

थंडीत कान बांधत जा. आमची आठवण असू दे.
मंजूषाताई


॥ श्री ॥
मास्ट्रिख्ट, १५ जानेवारी २००६

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

चॅप्टर दिला, पण आज माझं डोकं तापलंय. मथायसच्या अमेरिकेतल्या पणतूने लाम्बर्टच्या पत्रांच्या झेरॉक्स पाठवल्या. १८६३ सालीसुद्धा हा थोरला भाऊ लिहितो की आई बरी आहे, चुलीजवळ बसून असते, तुझी आठवण काढते. आणि गावच्या मृत्युनोंदीत ती बाई १८६१ च्या एप्रिलमध्येच गेलेली. दोन वर्षं तो हे लिहीत राहिला. तिकडे मथायस तिला शाल पाठवतोय, नव्या मुलीला तिचं नाव ठेवल्याचं तिला कळवतोय.

सख्ख्या भावाला असं लिहिणारा माणूस कसला असेल? मी त्याला प्रबंधात सोलून काढणार आहे. गाईडबाई म्हणाल्या, घाई करू नकोस. अप्पांना काय वाटतं ते विचार. आणि या वेळी दोन ओळी का होईना, त्यांच्या सहीच्या पाठव. बारा जूनचं तिकीट काढलंय.

लोभ वाढू दे, रागावू नकोस.
मृण्मयी


सातारा, २ फेब्रुवारी २००६

मृण्मयी,

वर श्री घातलेला नाही. वाचून झालं की रीतीप्रमाणे हे पत्र फाडून टाक.

अप्पा १४ नोव्हेंबरला सकाळी गेले. चार दिवस दवाखान्यात होते. काकांच्या गुरुनाथदादाने अग्नी दिला. पोरगी तिकडे एकटी आहे, तिचं काम होईपर्यंत कळवायचं नाही, असं मी सगळ्या नातलगांना बजावलं. कोणालाही त्यात वावगं वाटलं नाही. उलट मला समजूतदार म्हणाले. डिसेंबरच्या पत्रावर मी श्री घातला आणि अप्पा बरे आहेत असं लिहिलं. आता तू त्यांची सही मागितलीस, तिथे अडले.

दमा वाढल्याचं तुला कळवू नको, असं दिवाळीत अप्पाच म्हणाले होते. विचारेल त्याला मी एवढंच सांगते. पण तेवढंच खरं नाही. दवाखान्यात दुसऱ्या दिवशी त्यांनी मला जवळ बोलावलं आणि मृण्मयीला बोलाव म्हणाले. संध्याकाळी पुन्हा म्हणाले. तू निघाली असतीस तर पोचली असतीस, तेवढा वेळ होता. मी बाहेर बाकावर जाऊन बसले. आठ वर्षं त्यांचं हगणंमुतणं मी काढलं आणि ते नाव तुझं घेत होते. मला राग आला, मृण्मयी. दुसरं काही नव्हतं. तुझ्या लाम्बर्टचं काय होतं ते मला माहीत नाही, त्याला सोलायचं तर खुशाल सोल.

मी फोन केला नाही. आत गेले आणि त्यांच्या कानाशी मोठ्याने सांगितलं की तिला फोन केला होता, ती येत नाही म्हणाली. त्यांनी मान हलवली. कामात असेल, एवढंच म्हणाले. त्यानंतर त्यांनी तुझं नाव काढलं नाही.

तिकिटाचं तूच ठरव. लोभ मागत नाही.
मंजूषा