दहावं बाळंतपण

४ मार्च, मंगळवार

पुन्हा मंत्री बदलले! दोन वर्षांत हे तिसरे. मावशींनी स्टुलावर चढून भिंतीवरचा जुना फोटो उतरवला आणि म्हणाल्या, "खिळा नका हं काढू सिस्टर, इथं कायमचा तेवढाच आहे." अठरा वर्षं बाळंतपणाच्या खोलीत माझ्या जोडीला आहेत, पण असं काही बोलून जातात की हातातली कात्री खाली ठेवावी लागते. पोट धरून हसलो दोघी.

घरी आले तर ह्यांनी पेपर पुढे केला. नवे आरोग्यमंत्री याआधी रस्ते सांभाळायचे. "बरंच आहे की," हे म्हणाले, "तुमच्या रस्त्यावरचे खड्डे तरी बुजतील." मला हसू आलं नाही. नवा माणूस आला की काहीतरी बंद करतो. मागच्यांनी आमची रक्ततपासणी बंद केली, त्याआधीच्यांनी दुसरी सिस्टर काढून घेतली. आता घ्यायला उरलंय काय? मी, मावशी, एक खोली आणि एक गाडी.

६ मार्च

टीव्हीवर बोलताना पाहिलं मंत्र्यांना. आवाज गोड. "जिथं पाळणा हलत नाही, तिथं दिवा कशाला जाळायचा?" — टाळ्याच टाळ्या. हे म्हणाले, "नव्याचे नऊ दिवस गं. दहाव्या दिवशी सगळं पहिल्यासारखं."

मी टीव्ही बंद केला.

१० मार्च, सोमवार

पत्र आलं. तीनदा वाचलं. ज्या आरोग्य केंद्रात महिन्याला दहापेक्षा कमी बाळंतपणं होतात, तिथली बाळंतपणाची खोली बंद. मार्चचा आकडा धरणार. सिस्टरची नेमणूक मोठ्या इस्पितळात.

फेब्रुवारीत आमच्याकडे अकरा जणी आल्या. सहा इथं मोकळ्या झाल्या, पाच मी मोठ्या इस्पितळात पाठवल्या. त्या पाच तिकडच्या वहीत चढतात. म्हणजे आम्ही सहाच!

चार वर्षांत या खोलीत एकही बाई दगावली नाही, एकही मूल गेलं नाही. हे कुठल्याच रकान्यात येत नाही. आणि का गेलं नाही? कारण मी भित्री आहे. हो, भित्रीच. कळा जोरात सुरू झाल्या की तक्ता मांडायचा, तासातासाला पिशवीचं तोंड किती उघडलं ते तपासून ठिपके द्यायचे. तक्त्यावर एक तिरपी रेघ असते. ठिपका रेघेच्या पलीकडे गेला, म्हणजे बाळंतपण रेंगाळलं, बाईला पाठवा, असा नियम. मी पलीकडे जाण्याची वाटच बघत नाही. ठिपका रेघेला टेकला की गाडी. केंद्राचे डॉक्टर चिडवतात, "सिस्टर, तुमची रेघ सरकारच्या रेघेपेक्षा जाड आहे." असू दे जाड.

खोली बंद झाली तर सगळ्याच बायकांना सव्वा तासाचा रस्ता. ज्यांचं आमच्याकडे अर्ध्या तासात आटोपतं, त्याही रस्त्यात अडकणार. माझं काय, मी बदलीवर जाईन. पण रस्त्यात कोण असेल त्यांच्याजवळ?

११ मार्च

डोळ्याला डोळा नाही.

१५ मार्च, शनिवार

चार झाली.

डॉक्टर म्हणाले, "आकड्यांकडे बघू नका, पेशंटकडे बघा." त्यांना काय, त्यांचं पुढच्या शिक्षणाचं पत्र आलंय. जूनमध्ये जातील.

गाडीचे ड्रायव्हर, आमचे सुसाटराव, तेही आजकाल सकाळी आल्या आल्या विचारतात, "किती झाली सिस्टर?" नाव आम्हीच ठेवलेलं, कारण गाडी चालवतात मुंगीच्या पावलांनी. "आत दोन जीव असतात," म्हणतात. लॉगबुक मात्र मिनिटासकट. कोणाला कुठून आणलं, किती वाजता उतरवलं, सगळं. हवा भरायला गेले तरी वेळ लिहितात! मावशी विचारतात, "शिंकलात तर लिहिता का हो?" तर हा माणूस शांतपणे सांगतो, "गाडीत शिंकलो तर लिहीन."

त्यांच्या सूनबाईचे दिवस भरत आलेत. पहिलटकरीण. महिनाअखेर म्हणतात. "सिस्टरच्याच हातानं व्हायला हवं," असं सगळ्या गावाला सांगून ठेवलंय.

२१ मार्च

आज एक आली, पोटात जुळी. रक्तदाब चढलेला. दहा मिनिटांत पाठवली. बरोबर केलं.

पण गाडी फाटकातून बाहेर पडली तेव्हा माझ्या मनात काय आलं, ते इथंच लिहिते, दुसरीकडे कुठं लिहिणार? मनात आलं — दोन गेली. दोन बाळंतपणं नव्हे ती, एकच धरतात, पण मन काय हिशेबाला बसलंय का! बाईचा रक्तदाब दिसला नाही, आकडा दिसला. मला माझीच भीती वाटली.

२४ मार्च

शेजारच्या केंद्रातली सिस्टर फोनवर: "अगं, धरून ठेवायच्या! सगळेच ठेवतायत. होतात त्या, काही नाही होत."

सहा.

२८ मार्च, शुक्रवार

आठ! मावशींनी नवा फोटो आला तो लावला. मंत्री हसतायत. मावशी म्हणाल्या, "जरा तिरका लावलाय, मुद्दाम."

३० मार्च, रविवार

नऊ. उद्या शेवटचा दिवस. कोणाचेच दिवस भरलेले नाहीत. फक्त सूनबाईचे.

देवा, मी एका पोरीच्या कळांची वाट बघत बसलेय.

३१ मार्च, सोमवार

हात धुतले, परत धुतले. लिहून टाकते, नाहीतर उद्या माझंच मला खोटं वाटेल.

सकाळी साडेआठला सुसाटरावांनी सूनबाईला आणलं. स्वतः हात धरून उतरवलं. कळा चांगल्या जोरात होत्या. तक्ता तेव्हाच मांडायला हवा होता. ज्या वेळेपासून मांडू तिथून रेघ निघते. तासभर उशिरा मांडला, तर रेघही तासभर पुढे सरकते. हे मला माहीत आहे. नव्या मुलींना मीच शिकवते.

मी साडेनऊ लिहिलं.

का ते सांगू? पोरगी घाबरलेली होती, अंग आखडून घेत होती. असं बाळंतपण रेंगाळतं, हे मी हात लावताक्षणी ओळखलं. साडेआठ लिहिलं असतं तर दुपारी साडेबारालाच ठिपका रेघेला टेकला असता आणि मला गाडी काढावी लागली असती. दहावं गेलं असतं. डॉक्टर सोमवारच्या मीटिंगला. फोन केला नाही. केला असता तर "पाठवा" म्हणाले असते.

साडेबाराला सुसाटराव दारात. किल्ली हातात.

"काढू का गाडी?"

"थांबा," मी म्हटलं. "होईल इथंच."

"तुम्ही म्हणाल तसं." आणि बाकावर जाऊन बसले, निवांत! मावशींनी माझ्याकडे पाहिलं. काही बोलल्या नाहीत. अठरा वर्षांत पहिल्यांदा काही बोलल्या नाहीत.

दीडला पाणी फुटलं. हिरवं. आतल्या आत बाळानं शी केली की पाणी हिरवं होतं, म्हणजे त्याचा जीव घाबरला. आता पाठवायलाही वेळ नव्हता, रस्त्यातच झाली असती. ठोके मंदावत होते. पोरगी मला विचारत होती, "सिस्टर, बरोबर चाललंय ना?" मी हो म्हटलं.

दोन वीसला मुलगा झाला. रडला नाही. निळा. तोंड साफ केलं, पाठ चोळली, मास्क धरून हवा दाबत राहिले. एक मिनिट. दोन. मावशी मोठ्यानं मोजत होत्या. पाचव्या मिनिटाला एक हुंदक्यासारखा श्वास. रडणं नाहीच, नुसतं कण्हणं.

मग गाडी. मांडीवर बाळ घेऊन मी मागे, शेजारी सूनबाई झोपलेली. सव्वा तासाचा रस्ता सुसाटरावांनी पंचेचाळीस मिनिटांत कापला. आज नाव खरं केलं. एकदाही मागे वळून पाहिलं नाही.

परत येऊन वहीत नोंद केली. अनुक्रमांक दहा. आजवर मी बाईसाठी भ्यायचे. आज खोलीसाठी भ्याले.

१ एप्रिल

बाळ काचेच्या पेटीत. रात्रीत दोनदा झटके आले.

सुसाटराव आले आणि हात जोडून उभे राहिले. "तुम्ही होतात म्हणून पोर वाचलं, सिस्टर." मी तिथंच बाकावर बसले. त्यांना वाटलं मी थकलेय. पाणी आणून दिलं मला!

४ एप्रिल

झटके थांबले. मोठ्या इस्पितळातले डॉक्टर म्हणाले म्हणे, मान धरतो का, नजर लावतो का, हे काही महिन्यांनीच कळेल.

मावशी माझ्याशी कामापुरतंच बोलतात.

हे विचारतात, "जेवत का नाहीस?" सांगावंसं वाटलं. ताकाला गेले आणि भांडं लपवलं. म्हटलं, पित्त झालंय.

९ एप्रिल, बुधवार

खोली वाचली. पत्र आलं. दहा बाळंतपणं, पाठवणी फेब्रुवारीच्या निम्म्याहून कमी, मृत्यू शून्य. खाली मंत्र्यांची सही. मंत्र्यांची! "उल्लेखनीय सुधारणा."

पाळण्यातलं मूल पुढे कसं आहे, यासाठी त्यांच्याकडेही रकाना नाही.

डॉक्टरांनी अभिनंदन केलं. मी मोरीत जाऊन ओकले.

१० एप्रिल

बाळ घरी आलं. बघायला गेले नाही. जायला हवं होतं.

१४ एप्रिल, सोमवार

अजून एक पत्र. भीती काय असते ते मला आजवर ठाऊकच नव्हतं.

मंत्र्यांनी सगळ्या केंद्रांना कळवलंय, की पाठवणी कमी करा. कशी करायची, याचा नमुना म्हणून एक तक्ता जोडलाय. कोणाचा? माझा. एकतीस मार्चचा, महिन्याच्या अहवालाबरोबर वर गेलेला. नावावर काळी पट्टी, वरचा अर्धाच भाग, म्हणजे खाली मी लिहिलेलं "रडणं उशिरा" कापलेलं. शेजारी छापलंय: "रेघेजवळ येऊनही घाई न करता केंद्रातच सुखरूप प्रसूती." आणि बावीस तारखेला चाळीस केंद्रांच्या सिस्टरांसमोर मी बोलायचंय. धीर कसा धरावा, यावर!

चाळीस सिस्टर. प्रत्येकीच्या दारात एक ड्रायव्हर किल्ली घेऊन विचारणार, काढू का गाडी. आणि सगळ्याजणी माझा तक्ता बघून म्हणणार, थांबा.

कोणाला सांगू? खरं सांगितलं तर खोली जाईल, नोकरी जाईल. कदाचित तुरुंगही. नाही सांगितलं तर

१५ एप्रिल

पत्रांचे गठ्ठे केंद्राकेंद्रांत पोचवायला आमचीच गाडी. सुसाटराव सकाळीच घेऊन गेले. जे नेतात ते वाचल्याशिवाय देत नाहीत, ही त्यांची जुनी खोड.

१६ एप्रिल, बुधवार

सुसाटराव आले. एका हातात छापील तक्ता, दुसऱ्या हातात लॉगबुक, बोट घालून उघडं धरलेलं.

"सिस्टर, हा आमच्या सूनबाईचाच ना? तारीख तीच आहे. मी तिला साडेआठला उतरवलं. इथं साडेनऊ आहे."

मी तक्त्यावरचा माझ्याच हातचा आकडा पाहिला.

"घड्याळ बंद पडलं असेल तुमचं त्या दिवशी," ते म्हणाले. मला वाट काढून देत होते, बिचारे!

मी म्हटलं, "घड्याळ चालू होतं."