फरी, तिची मूठ आणि माझी नोकरी

तीर्थस्वरूप आत्यास,

वाकून नमस्कार. (निम्माच वाकलोय, कंबर धरली आहे.) तुझे गुडघे काय म्हणतात? मी ठीक नाही. माझं डोकं तापलंय.

तू आमच्या संग्रहालयाला दिलेली फरी, म्हणजे ती ताटाएवढी गोल ढाल, तिची पाटी लिहायचं काम माझ्याकडे आलं. आठ दिवस त्या पाटीवर खपलो. अशी छोटी ढाल अंग झाकायला नसते, हात लांब करून वार उडवून लावायला असते; मधला फुगवटा मुठीवरच्या बोटांसाठी; एरवी ती कमरेला अडकवून हिंडायचं. 'फरी' शब्द कोणी 'फलक'वरून आला म्हणतं, कोणी 'फर'वरून (संस्कृतात दोन्हींचा अर्थ ढालच, तरी दोन्ही पक्ष एकमेकांचं तोंड बघत नसावेत), आणि पश्चिमेकडे तर या ढालीला नावच फुगवट्यावरून पडलं. एवढं सगळं तीन पानांत बसवलं, तर साहेबांनी त्याच्या दोन ओळी केल्या! तेही गिळलं. पण काल एक शस्त्रतज्ज्ञ आले, आमचाच चहा प्यायले, फरी उलटीपालटी केली आणि सगळ्यांदेखत म्हणाले, "ढालीची मूठ आतून असते. ही बाहेरून आहे. हे पातेल्याचं झाकण आहे." शिपाईसुद्धा हसला गं! कडेला चार खोल खाचा आहेत, त्या काय पळीने पडल्या? पण ऐकतंय कोण! साहेब म्हणाले, सोमवारपर्यंत पुरावा आणा, नाहीतर झाकण घेऊन कायमचे घरी जा. पंधरा वर्षं पाट्या लिहिल्या, त्याचं हे फळ! संतापाने रात्रभर डोळा लागला नाही.

तुझा भाचा

ता. क. ती फरीच आहे, हे मला पक्कं ठाऊक आहे. आतली मूठ काढून बाहेरून दुसरी मीच बसवून आणली होती. नववीत होतो. भातावर झाकताना वाफेने हात भाजतो, धरायला वरून काहीतरी कर, असं तूच म्हणाली होतीस. दोष देत नाही; पण हे साहेबांना कोणत्या तोंडाने सांगू? जुन्या वस्तूची वाट लावणाऱ्याला संग्रहालयात कोण ठेवेल?

ता. ता. क. तेव्हा तुझ्या सहीने दोन ओळी लिही की मूठ आतोबांनी बदलली. त्यांना जाऊन आठ वर्षं झाली, त्यांना आता कोण कामावरून काढणार? जुनी मूठ तुझ्या कपाटाच्या दाराला ठोकली आहे, तीही काढून पाठव. आणि आतोबा जन्मात कधी स्वयंपाकघरात फिरकले नाहीत, हे मात्र कृपा करून लिहू नकोस.