रुमालाखालचा भाव

वाशीम, सोमवार ता. ७ जानेवारी १९०७

ठरलं! प्लेगसाठी गावाबाहेर झोपड्या उभारायच्या, त्याला म्युनिसिपल कमिटीला बांबू हवेत. गावात बांबूच्या वखारी दोनच — माझी आणि निजामुद्दीनची. एरवी एकमेकांचं गिऱ्हाईक पळवणारे आम्ही आज कापसाच्या दलालांसारखे रुमालाखाली बोटं धरून गुपचूप भाव ठरवत बसलो. भाव दीडपट. माझं टेंडर नावापुरतं, त्याहून चढं; काम त्याला, निम्मा माल माझा. वर माझी अट — टेंडरची पाकिटं उघडेपर्यंत दोघांच्याही वखारीतून एक बांबू हलायचा नाही. त्याने मागच्या दाराने कमिटीला स्वस्तात घातला म्हणजे?

ता. ८

झोप नाही. तो शब्द फिरवणार. त्याच्या जागी मी असतो तर फिरवला असता!

ता. ९

अध्यक्ष आजारी. पाकिटं शुक्रवारऐवजी सोमवारी उघडणार. आणखी तीन दिवस जिवाला घोर! त्याच्या वखारीवरून दोनदा चक्कर मारली. बांबू जागच्या जागी. तरी चैन नाही.

ता. १०

निजामुद्दीन दारात उभा. "शालिग्रामभाऊ, आमच्या गल्लीत उंदीर पडून राह्यले. जुबेदाले घेऊन वावरात जातो. झोपडीपुरते धा बांबू काढू काय?"

मनात आलं, हीच ती मेख! आज पोरीच्या नावाने दहा, उद्या गाडीभर. म्हटलं, शब्द म्हणजे शब्द, सोमवारपर्यंत दम धरा. तो मग "ठीक हाय" म्हणाला अन् गेला.

ही आतून ऐकत होती. "धा बांबूनं काय होते? एकुलती पोरगी हाय त्याची." जेवण गेलं नाही.

शनिवार ता. १२

पुन्हा चक्कर. तो वखारीवर नव्हता, पण एकही बांबू हललेला नाही. माणूस पक्का निघाला! उगाच संशय घेतला. आज झोप लागेल.

सोमवार ता. १४

पाकिटं उघडली. काम त्याला. तो आलाच नाही.

जुबेदाला शुक्रवारी गाठ आली, शनिवारी रात्री गेली. कबरीत माती लोटण्याआधी आडवे घालायचे बांबू त्याने घराच्या छपरातून उपसले. वखारीतल्या एकालाही हात लावला नाही.