भावोजींची नोंद

३ तारीख, सोमवार
आधी कबुली देतो. नोकरीचा पहिलाच दिवस आणि नको ते करून बसलो.
भावोजी नोंदणी कचेरीतले जुने कारकून, मला तिथं त्यांनीच चिकटवलं. जागा झकास, पंखा थेट डोक्यावर. सगळ्या गावाच्या नोंदी एका डिस्कवर, तिच्यातल्या एका पार्टिशनमध्ये, म्हणजे वेगळ्या कप्प्यात. कचेरीच्या मोठ्या बाईंनी बजावलं की लिहायचं ते पार्टिशनच्या दारातूनच. अख्खी डिस्क उघडून मागच्या दारानं लिहायचं नाही. कॉम्प्युटर दोन्ही दारांनी वाचलेल्याची वेगवेगळी नक्कल डोक्यात ठेवतो, आणि त्या नकला एकमेकींना विचारत नाहीत.
नाही म्हटलं की माझे हात शिवशिवतात. मागच्या दारानं शिरून भावोजींची नोंद पुसली. मग पुढून बघितलं तर नाव जसंच्या तसं! पचका झाला.

४ तारीख
सकाळी शिपायानं भावोजींना दारातच अडवलं, कुणाकडे काम आहे म्हणून. रोज यांच्याच जेवणाच्या डब्यात हात घालणारा माणूस! भावोजींनी डोळे वटारले ते माझ्यावर. शप्पथ, मी त्याला काही शिकवलं नव्हतं.

५ तारीख
दाढदुखीनं दोन रात्री जागलेली ताई संध्याकाळी जरा लवंडली. उठल्यावर मला हळूच म्हणाली, "स्वयंपाकघरात तो माणूस कोण रे?"
लग्नाला नऊ वर्षं झालीत. भावोजी चहा गाळत होते. कप ओसंडला तरी गाळतच राहिले.
कळलं मला. झोपलं की डोक्यातली नक्कल जाते. मग माणूस डिस्कवर आहे तेच वाचतो. मी सोमवारपासून धसक्यानं डोळा मिटलेला नाही, म्हणून मला अजून आठवतंय.

६ तारीख
उपाय सापडला होता. पार्टिशनच्या नकलेत जुनी नोंद अजून होती, ती तिथूनच सेव्ह करायची. पण पुसलेली नोंद परत सेव्ह करायचा पासवर्ड बाईंकडे. सगळं सांगून टाकलं. बाई म्हणाल्या, आधी डिस्कवर खरं काय आहे ते बघू — आणि मी ओरडेपर्यंत नकला रिकाम्या केल्या.
स्क्रीन कोरी. बाईंनी वर बघितलं. "कुणाची नोंद म्हणालास?"
नवी करा म्हटलं. तर म्हणे त्याला जुन्या नोंदीचा नंबर लागतो.

७
ताईनं कडी लावलीय. भावोजी जिन्यावर. म्हणाले, "तू तरी झोपू नकोस रे." डोळे जड —

८
पेंगलो. दोनच मिनिटं. त्यांना मिशी होती — की चष्मा —
जिन्यावरचा माणूस मला लाडाच्या नावानं हाक मारतोय. त्याला ते कसं —
वाचणाऱ्या, पाया पडतो, कुणाला सांगू नकोस. आता ते फक्त तुझ्याच डोक्यात आहेत. सांगितलं की लोक तपासायला जातात, आणि तपासलं की —