न लढता मिळालेलं सोनं

३ ऑगस्ट, सोमवार

जिउ-जित्सूच्या स्पर्धेची यादी लागली! माझ्या गटात माझ्याखेरीज आणखी एक नाव आहे. पान बंद करून पुन्हा उघडलं — तरी आहे. रोझिल्दा ब्रागा, परिंतिन्स युवक संघ. तपकिरी पट्टा. वजन माझंच.

गेली काही वर्षं या गटात मी एकटीच. वजन द्यायचं, किमोनो तपासून घ्यायचा, नाव पुकारलं की चौथऱ्यावर चढायचं, सोनं गळ्यात घालून घ्यायचं, खाली उतरायचं. अंगाला घामाचा थेंब नाही. पन्नाशी उलटलेली तपकिरी पट्ट्याची बाई मानाउसमध्ये आणायची कुठून? मोठ्या वयाच्या माणसाला खालच्या वयोगटात उतरायची मुभा असते, तेही करून पाहिलं. तिथेही माझ्या वजनात कोणी नाही. पदकं मोज्यांच्या खणात पडली आहेत.

यंदा लढत होणार. महिना अखेरीस, रविवारी. मला एक खरी लढत हवी आहे — बस्स, एवढंच. हरले तरी चालेल.

५ ऑगस्ट, बुधवार

वर्तमानपत्राच्या कचेरीतून थेट तालमीत. कुलूप काढलं, झाडलं, मॅट पुसल्या, वाट पाहिली. कोणी आलं नाही. येणार नव्हतंच.

वस्ताद एलिझेऊंना अर्धांगवायू झाला आणि आधी लहान मुलांचे आईबाप पांगले. मग मोठी पोरं. अदेमार त्यांचाच चेला, काळा पट्टा त्यांच्याच हातून बांधून घेतलेला. त्याने नव्या बाजाराजवळ थंडगार वातानुकूलित हॉल काढला आणि उरलेले तिकडे गेले. मी राहिले. किल्ली माझ्याकडे होती म्हणून असेल.

कोलांट्या मारल्या, कंबर उचलून पूल केले, भिंतीच्या कडेने सरकले. पण जिउ-जित्सू एकट्याने करायची गोष्टच नाही. पाय गुंफायला समोर कोणीतरी लागतं. एका जुन्या किमोनोत चिंध्या भरून बाहुला केलाय. त्याचा गळा कितीही आवळा — थाप मारून हार मानत नाही!

खालचा मोटारबोटींची इंजिनं दुरुस्त करणारा जिन्यात भेटला. "काय हो बाई, रोज कोणाशी भांडता वर? आवाज तर एकीचाच येतो."

८ ऑगस्ट, शनिवार

आज जाळीच्या पिंजऱ्यातल्या लढती होत्या. बातमीसाठी पहिल्या रांगेत, मांडीवर लॅपटॉप. अदेमारचा पोरगा जिंकला — नाक फुटलेलं, तरी दात काढून हसतोय. त्याला उचलायला अख्खा हॉल आत शिरला. हरलेला दुसऱ्या कोपऱ्यात स्टुलावर एकटा बसून. त्याचा माणूस बर्फ शोधायला गेलेला, तो येईचना.

बातमी जिंकलेल्याची दिली. वेळेत.

अदेमार मला शोधत आला. "ताई, ऐकलं ते खरं? जोड मिळाली म्हणे तुम्हाला!"

"मिळाली."

"मग सराव कोणाशी? त्या चिंध्यांच्या म्हाताऱ्याशी?"

"तुला कोणी सांगितलं त्याचं?"

"अख्ख्या साओ रायमुंदो वस्तीला माहितीये. या की माझ्याकडे. जिवंत माणसं देतो लढायला! पण पाहुणी म्हणून नाही हं ताई. माझी पोरं काय म्हणतील? किमोनोवरचा बिल्ला बदलायचा, नाव माझ्या तालमीकडून द्यायचं."

हसून टाळलं. आमच्यात नवरा सोडलेल्या बाईला लोक दोन वर्षांत माफ करतात. वस्ताद सोडणाऱ्याला फितूरच म्हणतात, मरेपर्यंत. अदेमारची पोरं स्वतःची समजूत घालतात — वस्ताद आजारी, म्हणजे आपण मोकळे.

१० ऑगस्ट, सोमवार

असं व्हायला नको होतं.

वस्तादांकडे गेले होते. ओसरीत झोळीत पडून होते, उजवा हात उशीवर ठेवलेला. जोड मिळाल्याचं सांगितलं, नाव सांगितलं. त्यांचा चेहरा अर्धाच हलतो, पण हलला. बराच वेळ ओठ जुळवत राहिले.

"माझी," म्हणाले.

मला कळेना. त्यांची बायको, नाझारेकाकू, मासे साफ करता करता आतून ओरडल्या, "अगं, रोझिल्दा म्हणजे यांच्याच तालमीतली पोर! तुझ्या कितीतरी आधीची. इथे एका घरी कामाला होती, सांजच्याला तालमीत यायची. आई आजारी पडली तशी परिंतिन्सला परत गेली. तिकडे शाळेच्या पडवीत पोरांना शिकवते. पट्टे हेच द्यायचे, बोटीने पाठवून."

एका वस्तादाची दोन माणसं अंतिम फेरीत समोरासमोर आली की लढत नाहीत. पंचासमोर मिठी मारायची आणि जो आधीचा, त्याने सोनं घ्यायचं. घरच्यांनी चारचौघांत एकमेकांचा गळा धरायचा नसतो. गटात आम्ही दोघीच, म्हणजे आमची पहिली फेरी तीच शेवटची.

एकच बाई आली इतक्या वर्षांत, ती घरातलीच निघाली!

काकूंनी तळलेला मासा वाढला. खाल्ला. चव आठवत नाही.

१२ ऑगस्ट, बुधवार

तालीम उघडली नाही.

१४ ऑगस्ट, शुक्रवार

दिवसभर एकच हिशोब डोक्यात. माझं नाव अदेमारच्या तालमीकडून गेलं, तर माझा वस्ताद तो, आणि रोझिल्दा नि मी एका घरच्या राहत नाही. मग मिठी नाही. लढत. नावं बदलायला अजून मुदत आहे.

अदेमारला फोन केला. "याच, ताई!" इतकंच म्हणाला. का, ते विचारलं असतं तर बरं वाटलं असतं.

मग कात्री घेऊन बसले. छातीवरचा कापडी बिल्ला नाझारेकाकूंनी शिवलेला, बारीक आणि दुहेरी टाका. उसवायला फार वेळ लागला. खाली कापडाचा चौकोन निघाला, नव्यासारखा पांढरा. बाकी किमोनो पिवळा पडलाय हे तेव्हा दिसलं.

१५ ऑगस्ट, शनिवार

सकाळी अदेमारकडे.

काय लिहू! माणसंच माणसं. थापांचा आवाज, कोणीतरी "अर्रर्र, गेला हात!" म्हणून ओरडतंय, कोणाचा तरी दात मॅटवर सापडला तर सगळे तोंडं चाचपतायत — शेवटी निघाला आंघोळीच्या साबणाचा तुकडा.

एका धिप्पाड पोरीने माझ्या छातीवर गुडघा रोवला. श्वास कोंडला. आणि मला वाटलं, अजून थोडा वेळ उठू नये हिने. किती दिवसांनी कोणाचं तरी वजन अंगावर!

"काकू, ठीक आहात ना? डोळ्यांत पाणी आलंय."

"घाम गेला डोळ्यात. कोपर आत घे तुझं, नाहीतर मोडेन."

पुढच्या झटापटीत धरलंच कोपर. पोरीने थाप मारली आणि हसत सुटली.

नंतर सगळे मिळून कोपऱ्यावरच्या टपरीवर. पावात तुकुमाच्या फळाचा गर आणि तळलेलं चीज, वर कॉफी. मला कोणीतरी न विचारता जागा करून दिली.

अदेमार चांगला शिकवतो. हुबेहूब वस्तादांसारखा. तेच डाव, तीच शिवी, मध्येच कान खाजवायची तीच सवय.

१७ ऑगस्ट, सोमवार

वस्तादांना सांगायला गेले. वाक्य मनात तयार होतं. वाक्यं तयार करण्यातच आयुष्य गेलं माझं.

अदेमारकडून तशीच आलेली. काकूंनी पिशवी हातातून घेतली. "ओला किमोनो असा कोंबून ठेवतात होय गं? वास मारेल." आणि त्यांनी तो ओसरीच्या दोरीवर टाकला — झोळीच्या अगदी समोर.

पांढरा चौकोन. मी बघत राहिले, ते बघत राहिले. मग त्यांनी डावा हात वर केला. मी किमोनो काढून जवळ दिला. त्यांनी अंगठ्याने सुईची भोकं चाचपली, कडेकडेने, आंधळ्याने चाचपावीत तशी.

"थंडी... वाजते का... तिथे?"

अदेमारच्या हॉलबद्दल विचारत होते. यंत्राच्या थंड हवेबद्दल.

"हो, वस्ताद. थोडी."

"अंगात... काहीतरी... घालत जा."

एवढंच. रागावले असते तर मी गेलेच असते अदेमारकडे. नक्की गेले असते.

१९ ऑगस्ट, बुधवार

अदेमारला फोन. नाव बदलू नकोस म्हटलं.

"ताई, मग लढत विसरा."

"माहितीये."

"वेड्या आहात तुम्ही. मिठी मारायला जाणार स्पर्धेला?"

"हो."

मागे पोरांचा गलका ऐकू येत होता. मग हळूच, "कसे आहेत ते?"

"जाऊन बघ."

"कुठल्या तोंडाने, ताई?"

मी फोन ठेवला.

बिल्ला परत शिवला. वाकडा बसला. सुई दोनदा बोटात गेली.

२३ ऑगस्ट, रविवार

बाहुला. भिंत. बाहुला.

३० ऑगस्ट, रविवार

झाली स्पर्धा.

ती वजनाच्या रांगेत माझ्यामागेच उभी होती. बुटकी, पिकलेले केस, निळी रिबीन. माझ्या छातीकडे बोट दाखवून म्हणाली, "हे कोणी शिवलंय? डोळे बांधून?"

"मीच."

"तरीच. मी रोझिल्दा. तू दालवा. वस्तादांचा पाय कसा आहे?"

"पाय बरा. हात नाही."

वय एकोणसाठ! दोन वयोगट खाली उतरून माझ्यात आली होती. रांग सांभाळणाऱ्या मुलाने लाल पट्टी दिली — दोघींपैकी एकीने ती ओळखीसाठी पट्ट्यावर बांधायची असते. रोझिल्दा मागे सरकली. "लाल? मी निळ्या बैलाची माणूस आहे रे बाळा! आमच्याकडे मेलेल्यालाही लाल फूल घालत नाहीत. हिला बांध." परिंतिन्समध्ये बैलाच्या उत्सवात अख्खं गाव लाल आणि निळ्या तटांत वाटलेलं असतं; मानाउसची मी, मला काय! मी बांधली.

आमची नावं पुकारली. मॅटवर गेलो, वाकून नमस्कार केला. पंचाने हात खाली आणला. मी एक पाऊल पुढे टाकलं, तीही. तिचे हात माझ्या कॉलरपाशी आले — खरंच पकडायला आल्यासारखे — आणि मग गळ्याभोवती गेले. मिठी. लोकांनी टाळ्या वाजवल्या. अशा मिठीला नेहमीच वाजवतात. मीही वाजवलेल्या आहेत, अशा मिठ्यांवर लिहिलंही आहे.

पंचाने तिचा हात वर केला. ती आधीची. सोनं तिने जराही आढेवेढे न घेता घातलं. "आख्खी रात्र बोटीवर झोळीत लोंबकळत आलेय, रौप्य घेऊन जाऊ होय?"

मला आजवर न लढता सोनं मिळालं होतं. आज न लढता हरले.

तिची बोट उद्या दुपारी. धक्क्याजवळ कोणा भाचीकडे उतरली आहे. घरी येऊन भात केला, एकीपुरता.

३१ ऑगस्ट, सोमवार

सकाळी तालमीत गेले ती बिल्ल्याचा टाका नीट घालायला, सुईदोरा घेऊन. जिन्याच्या पायरीवर रोझिल्दा! शेजारी तिची पिशवी.

"किती वेळ झोपतेस गं? उघड."

आत आली. मॅटवर गुडघे टेकून कपाळ लावलं. कोपऱ्यातला बाहुला उचलून उलटासुलटा पाहिला. "हा कोण? नवरा?"

"सरावाचा जोडीदार."

"चांगला आहे. बोलत नाही." तिने तो खिडकीबाहेरच्या गच्चीवर ठेवून दिला. मग पट्टा आवळला. "काल मिठी मारली. रीत झाली. आता इथे बघायला कोणी नाही. ये."

पंच नाही, घड्याळ नाही. पहिल्याच झटापटीत तिने मला पायांत गुंफून असं उलटं केलं की छत दिसलं. मी तिची कॉलर धरली. तिने माझं मनगट सोडवलं. म्हातारी कसली — झाडाचं मूळ! थांबलो, पाणी प्यायलो, पुन्हा धरलं. खालून इंजिनवाला ओरडला, "बाई, आज दोघी का हो?" आणि रोझिल्दा माझ्या काखेतूनच ओरडली, "हो! आणि हरतेय ती तुमची बाई आहे!"

मी थाप मारली. मग एकदा तिने मारली. मग कोण कधी, ते विसरले.

दमून आडव्या पडलो तेव्हा विचारलं, तुला कधी कळलं की आपण एकाच वस्तादांच्या?

"आधीपासूनच. नाव देतानाच. तुझ्या नावापुढे त्यांची तालीम लिहिलेली होती."

"मग लढत होणार नाही हे माहीत होतं!"

"होतं की."

"मग आलीस कशाला?"

"दरवर्षी यादी बघते मी. दरवर्षी तुझं एकटीचं नाव. तिकडे माझंही तसंच. पोरं आहेत शिकवायला, पण पोरांचा गळा किती आवळणार? आईला सोडून येता येत नव्हतं. आई गेली मार्चमध्ये."

मग उठून बसली. "चल, आणखी एक. मघाशी तू फसवलंस."

फसवलं नव्हतं मी!

२ सप्टेंबर, बुधवार

संध्याकाळी दोघी वस्तादांकडे. त्यांनी डाव्या हाताचं बोट आधी तिच्याकडे केलं, मग माझ्याकडे. "कोण... जिंकलं?"

"अजून चालू आहे, वस्ताद," रोझिल्दा म्हणाली.

तिची बोट सोमवारीच गेली, तिला न घेता.