टॅम्प्लीज

मंगळवार, १४ मार्च

प्रिय ताई,

पत्रात आधी समोरच्याची विचारपूस, मग आपलं रडगाणं, असं बाबांनी शिकवलंय. तर तुझा अंगठा कसा आहे? सूज उतरली का? मी बरी आहे. वरच्या टाकीमुळे खोलीचं छत अजून गळतंय, खाली बादली ठेवलीय. क्लबने माझा करार आणखी दोन वर्षांसाठी वाढवला. शेजारच्या खोलीतली आमच्या फुटबॉल संघाची विंगर म्हणते, "आता तरी नवे बूट घे, कंजूष." घेतले नाहीत.

आई फोनवर म्हणाली, तुला तुमच्या क्लबने शनिवारी बाकावर बसवलं. मी म्हटलं, "अगं बाई, असं का?" जसं काही मला माहीतच नाही.

टीव्हीवर आपल्या सामन्यातला तोच तुकडा पुन्हा पुन्हा दाखवतात. लांबून आलेला चेंडू, गोल सोडून पुढे आलेली तू. चेंडू तुझाच होता. मग तुझे हात खाली येतात आणि मी गोल मारते. पेपरवाले लिहितात, गोलकीपर थिजली. मला विचारलं तेव्हा मी म्हणाले, "नशीब."

नशीब कसलं. मी "टॅम्प्लीज" म्हणाले होते.

तोंडातून आपोआप निघालं, असं लिहिणार होते. पण तसं असतं तर मीही थांबले असते. अंगणात बाबांचा नियमच होता: टॅम्प्लीज म्हणणाऱ्यानेही हलायचं नाही, समोरचा "चालू" म्हणेपर्यंत. माझी चप्पल निसटली तरी तू हातातला चेंडू खाली ठेवायचीस. तू थांबशील हे मला ठाऊक होतं. दुसरी कुठलीही गोलकीपर थांबली नसती.

मोसमभर माझ्या पायातून गोल निघत नव्हता आणि करार संपत आला होता. हे कारण नाही. नुसतं सांगतेय.

सामन्यानंतर तू जवळ येऊन एवढंच विचारलंस, "लागलं का गं कुठे?"

काल आमच्या कोच सरांना सांगितलं. ते हसले. "पोरखेळ आहे हा. गोल झाला तो झाला. झाकली मूठ राहू दे." मी मान डोलावली आणि जिन्यात जाऊन बसले.

आज तुझ्या सरांना सगळं लिहून पाठवतेय, याच टपालाने. आधी तुला विचारलं असतं तर तू "राहू दे गं" म्हणाली असतीस, आणि मी लगेच ऐकलं असतं. म्हणून विचारलं नाही. बाबांना समोर बसूनच सांगेन.

उत्तराची घाई नाही. तू "चालू" म्हणेपर्यंत

जागेवरच उभी असलेली,
तुझी धाकटी